बदल केलेली क्रूझर घेतली, आता नावावर होईना

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो. ओळखीच्या एकाकडून सेकंडहँड क्रूझर मोटरसायकल घेतली. उंच हँडल, एकट्याची सीट, मागचं मडगार्ड कापलेलं आणि आरसीवर लाल असलेला रंग आता मॅट काळा. ‘कागदपत्रं क्लिअर आहेत’ असा त्याचा मेसेज आहे. नावावर करायला गेलो तर गाडी आरसीशी जुळत नाही म्हणून अर्ज अडला. विकणारा हात झटकतो. बदल त्याने केले, दंड मला होईल का?

उत्तर : सगळे बदल एका मापाने मोजू नका. सीटचं कव्हर किंवा आतला फोम बदलला तर सहसा अडत नाही. पण आरसीवर दोन आसनं असताना गाडीवर एकच उरली, तर नोंद आणि गाडी यांचा मेळ राहत नाही. रंगाचंही तसंच; आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 हेच सांगतं, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं.

दंडाची तरतूद कलम 182अ (4) मध्ये आहे : प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मात्र ते कलम ‘बदल करणाऱ्या मालकाला’ लागू होतं. बदल तुम्ही केलेले नाहीत, ही तुमची भक्कम बाजू आहे. म्हणून व्यवहाराच्या वेळचे फोटो, जाहिरात, तो मेसेज, पैसे दिल्याचा पुरावा आजच जपून ठेवा. पण गाडी तशीच फिरवत राहिलात तर ही बाजू रोज कमकुवत होईल.

मला जास्त काळजी हँडलची वाटते. उंच हँडलला ब्रेकची नळी आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल पुरेशा लांबीची लागते; तोकडी असेल तर वळणावर ताणली जाते. विजापूर रोडवर ट्रकच्या मागे असताना हे कळून उपयोग नाही. मेकॅनिकने तपासेपर्यंत गाडी चालवू नका.

विकणाऱ्याकडे मूळ हँडल, सीट आणि मडगार्ड लेखी मागा. पूर्ववत करून पक्कं बिल घ्या, रंगाचा प्रश्न सोडवा, मग गाडी पुन्हा तपासणीला न्या. खरेदीपासून 30 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं, आणि विमा तुमच्या नावे करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज द्यायचा असतो. मुदत उलटली असेल तरी आता लगेच द्या. बदल झाकून विमा घेतलात, तर दाव्याच्या वेळी कंपनी नेमकं तेच पुढे करेल.

भरपाईबाबत खरं सांगतो. रंगातला फरक आरसी पाहताच दिसत होता, त्यामुळे फसवणुकीचा दावा सोपा नाही. नोटीस मात्र जरूर पाठवा, आणि पूर्ववत करण्याचा खर्च मागा. त्याने गाडी दुकानदार म्हणून विकली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता दोन वर्षांपर्यंत मोकळा आहे. खासगी विक्री असेल तर दिवाणी न्यायालय.