घरी केलेली बिअर पिण्यासारखी होते पण चांगली होत नाही, नेमकं काय सुधारू?

तुम्ही लिहिलंय की ओहायोत राहता, एक्स्ट्रॅक्ट किटवर (म्हणजे माल्टचा तयार अर्क) काही बॅचेस झाल्यात, बिअर पिता येते पण दर वेळी कच्च्या सफरचंदासारखा वास राहतो आणि प्यायल्यावर घशाशी गरम लागतं, आणि आता ऑल-ग्रेनवर (म्हणजे अर्काऐवजी थेट धान्यापासून) जावं का, मोठी इलेक्ट्रिक सिस्टिम घ्यावी का असं विचारताय. माझं स्पष्ट मत सांगतो, सिस्टिम अजून घेऊ नका. तुम्ही सांगितलेले दोन्ही दोष उकळण्याच्या भांड्यातले नाहीतच, ते त्याच्या पुढच्या दहा-बारा दिवसांतले आहेत. आपण फक्त वर्ट बनवतो हो, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, बिअर यीस्ट बनवतं, आणि बहुतेक लोक रेसिपी आणि हॉप्सवर (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) जेवढा जीव टाकतात त्याच्या निम्मासुद्धा यीस्टवर टाकत नाहीत.

आधी घशाचं बघू. गरम लागणं म्हणजे बहुतेक वेळा फ्यूझल अल्कोहोल, म्हणजे जड, उग्र अल्कोहोलं, आणि ती फर्मेंटेशन (आंबणं) गरम झाल्यामुळे होतात, तेही मुख्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, कारण यीस्ट तेव्हाच वाढत असतं. इथे लोक फसतात ते असं की खोलीचं टेंपरेचर बघतात, खोली 21 डिग्री सेल्सियसवर आहे म्हणजे सगळं ठीक. पण यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं, जोरात चालू असताना आतलं टेंपरेचर खोलीपेक्षा 3 ते 5 डिग्रीने सहज वर जातं, म्हणजे तुमची बिअर 25-26 वर शिजतेय. साध्या अमेरिकन एलला (थोड्या उबेत आंबणारी बिअर) पहिले तीन दिवस आतलं टेंपरेचर 18-19 वर धरा आणि मग हळूहळू 20-21 पर्यंत चढू द्या, कारण शेवटी थोडी ऊब मिळाली की यीस्ट उरलेलं काम नीट संपवतं.

यासाठी पैसे ओतायची गरज नाही. मोठ्या टबात पाणी भरून त्यात फर्मेंटर (बिअर आंबते ते भांडं) ठेवा, वरून जुना टीशर्ट ओला करून घाला, सकाळ-संध्याकाळ बर्फाची बाटली बदला, एवढ्यानेही चार-पाच डिग्री खाली येतं. पैसे घालायचेच असतील तर कुणाचा तरी जुना फ्रिज आणि एक टेंपरेचर कंट्रोलर घ्या, प्रोब फर्मेंटरच्या बाहेरच्या अंगाला चिकटवून त्यावर फोमचा तुकडा लावा म्हणजे तो हवेचं नाही, बिअरचं टेंपरेचर वाचेल. मी मिनेसोटात आहे, हिवाळ्यात बेसमेंट इतकं थंड असतं की मला उलट हीट बेल्ट लावावा लागतो, पण कंट्रोलर तोच. माझ्या बिअरमध्ये सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर या एका वस्तूने.

आता सफरचंद. तो वास ॲसिटाल्डिहाइडचा. साखरेचं अल्कोहोल होताना मधल्या पायरीवर ते तयार होतं आणि तब्येतीने चांगलं असलेलं यीस्ट शेवटी ते संपवतंही, पण यीस्ट कमी पडलं, दमलं किंवा तुम्ही घाईने बाटल्या भरल्या तर ते तसंच राहतं. किटच्या कागदावर सात दिवसांनी बॉटलिंग करा असं लिहिलेलं असेल तर तो कागद बाजूला ठेवा. हायड्रोमीटरचं (बिअरची घनता मोजायची तरंगती नळी) रीडिंग दोन-तीन दिवस अजिबात हललं नाही की फर्मेंटेशन संपलं, आणि त्यानंतरही दोन-तीन दिवस तिथेच राहू द्या. एअरलॉकमधले (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) बुडबुडे थांबले म्हणून झालं असं मुळीच समजू नका. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर वर्टवरून साखर मोजायचं यंत्र) वापरत असाल तर अल्कोहोल तयार झाल्यावर त्याचा आकडा चुकीचा येतो, त्याला करेक्शन लावावं लागतं.

आणि यीस्ट किती घालता? कित्येक किटच्या झाकणाखाली 6-7 ग्रॅमचं पाकीट असतं आणि ते दुकानात किती महिने पडून होतं देव जाणे. 19 लिटरच्या, सुरुवातीला हायड्रोमीटरवर 1.050 च्या आसपास असलेल्या एलला चांगल्या कंपनीचं 11.5 ग्रॅमचं ताजं ड्राय यीस्ट घ्या, सेफेलचं यूएस-05 घ्या हवं तर, लेगरला (थंडीत आंबणारी बिअर) त्याच्या दुप्पट. लिक्विड यीस्टच्या पाकिटात साधारण 100 अब्ज पेशी असतात आणि अशा बॅचला 170-180 अब्ज तरी लागतात, म्हणून आधी यीस्ट वाढवायला स्टार्टर करायचा, 100 ग्रॅम ड्राय माल्ट एक लिटर पाण्यात उकळून, गार करून, त्यात यीस्ट घालून एक-दोन दिवस अधूनमधून हलवत ठेवायचं. वर्टही पूर्ण गार झाल्याशिवाय यीस्ट घालू नका. आपल्याकडे कडकडीत दुधात कुणी विरजण घालत नाही, तसंच हे, फक्त इथे 30 डिग्रीसुद्धा जास्तच आहे, 18 पर्यंत उतरवा.

ऑक्सिजनचं नीट समजून घ्या कारण त्याचा नियम मध्येच उलटा होतो. यीस्ट घालायच्या वेळी वर्टमध्ये हवा हवी (ड्राय यीस्टला तेवढी गरज नसते, लिक्विडला असते), फर्मेंटर दोन-चार मिनिटं जोरात हलवा. पण एकदा फर्मेंटेशन सुरू झालं की त्यानंतर हवेचा प्रत्येक घोट बिअरला मारतो, आधी हॉप्सचा वास जातो आणि मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि हेझी आयपीए (भरपूर हॉप्सची गढूळ बिअर) तर बघता बघता करडी-तपकिरी होते. म्हणून दुसऱ्या भांड्यात काढून ठेवायची ती सेकंडरीची जुनी पद्धत साध्या बिअरला सोडून द्या, दोन-तीन आठवडे यीस्टवर राहिल्याने काही बिघडत नाही. सारखं झाकण उघडून बघू नका. बॉटलिंगला नळी बादलीच्या तळापर्यंत सोडा, शिंपडू देऊ नका.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये, पण नळाचं पाणी घेत असाल तर त्यात क्लोरीन किंवा क्लोरामीन असणार, आणि ते बिअरमधल्या फिनॉल नावाच्या द्रव्यांशी जुळलं की बँडएडसारखा, दवाखान्यासारखा वास येतो जो अगदी थोडा असला तरी लागतो. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामीन सहज जात नाही. कॅम्पडेनची (क्लोरीन-क्लोरामीन मारणारी सल्फाइटची गोळी) एक गोळी साधारण 75 लिटरला पुरते, म्हणजे तुमच्या बॅचला पाव गोळी, कुस्करून घाला आणि काही मिनिटांत काम होतं. इतकी स्वस्त सुधारणा दुसरी नाही. जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड या पाण्यातल्या क्षारांची गणितं ऑल-ग्रेनला गेल्यावर बघा, तेव्हा मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचा) पीएच 5.2 ते 5.6 मध्ये ठेवणं खरंच महत्त्वाचं होतं.

सफाईवर मी लांबण लावत नाही, फक्त धुणं आणि सॅनिटाइज करणं ही दोन वेगळी कामं आहेत, मळ राहिलेल्या भांड्यावर सॅनिटायझर चालत नाही. स्टारसॅन या सॅनिटायझरचा फेस राहिला तर राहू द्या, परत पाण्याने धुऊ नका. नळ असलेली बादली असेल तर तो नळ दर वेळी खोलून साफ करा, बॅच आंबट होण्याचं मूळ बरेचदा तिथेच सापडतं.

ऑल-ग्रेनला जरूर जा, पण हे सगळं जमल्यावर, आणि तेव्हाही बॅगमधली पद्धत पुरते, एक मोठं भांडं आणि एक जाळीची पिशवी. तिथली मजा वेगळीच, 65 डिग्रीला मॅश केलं की बिअर कोरडी, हलकी होते आणि 68-69 ला केलं की अंगाने भरलेली, हे आपल्या हातात येतं. पिल्सनर माल्ट (अगदी फिकट माल्ट) असेल तर झाकण न ठेवता उकळा, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास येतो.

वाचणारे कुणी महाराष्ट्रात असतील तर त्यांच्यासाठी, तिथे दारूबंदी कायद्याखाली लायसन्स नसताना घरी बिअर करता येत नाही, त्यामुळे हे सगळं इथल्यासारख्या जागांसाठीच आहे. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने परवानगी मिळाली, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलन, एकटे असाल तर 100, आणि विकायची नाही.

अजून एक, मित्रांना विचारून सुधारणा होत नाही, फुकट बिअर मिळाली की सगळे छानच म्हणतात. जवळच्या होमब्रू क्लबची बीजेसीपी (बिअरच्या प्रमाणित परीक्षकांची संस्था) स्पर्धा बघा, थोडी फी भरून बाटल्या पाठवायच्या, जज 50 पैकी मार्क देतात, त्यातले 12 वासाला आणि 20 चवीला, आणि काय चुकलंय ते शीटवर लिहून देतात. तोपर्यंत रेसिपी बदलू नका, तीच बिअर परत करा, यावेळी फक्त टेंपरेचर आणि यीस्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि रोजचं टेंपरेचर वहीत लिहा. पाण्याचा बदल त्याच्या पुढच्या बॅचला करा. आधीच्या बॅचच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये राखून ठेवा, शेजारी शेजारी ओतून वास घेता येईल.