घर बांधायच्या श्रमदानातून करुणा खरंच शिकता येते का?

तुम्ही विचारलंय की उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संस्थेबरोबर गरीब कुटुंबाचं घर बांधायला जायचं आहे, पण त्यातून माणसाबद्दलची कणव खरंच वाढते की फोटो काढून परत येणंच होतं. मी नागपूरचा. हिंगणा तालुक्यातल्या एका गावात एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरकुलावर आमच्या गटाने श्रमदान केलं, त्यावरून सांगतो. वाढते. मात्र मला ती ज्यांचं घर होतं त्यांच्यापेक्षा तिथे मजुरी करणाऱ्या बायांनी जास्त शिकवली.

आधी घरकुलाचा हिशेब समजून घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपयांचं अनुदान ठरलेलं होतं, पण ते हप्त्यांनी मिळतं. काम एक टप्पा पुढे सरकलं की पुढचा हप्ता खात्यात पडतो. काम अडलं की पैसा अडतो आणि पैसा अडला की काम. त्यात आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खणावाच लागतो. आजींचा हातातला पैसा पायातच जिरला होता आणि घर जोत्यावर येऊन थांबलं होतं. गावात येता-जाता लोक म्हणायचे, "सरकारचे पैसे घेतले अन् घर काही बांधलं नाही." त्या पायात किती दगड गेलाय हे त्यांनी खाली उतरून पाहिलंच नव्हतं. कुणाच्या अर्धवट घराबद्दल बोलण्याआधी त्याच्या खालची जमीन विचारावी, हे मी तिथे शिकलो.

मिस्त्री आणि दोन रेजा (बांधकामावर मजुरी करणाऱ्या बाया) यांची मजुरी संस्थेने उचलली होती, हाताखालचं बाकी काम आमचं. त्यातली एक रेजा मूळची छत्तीसगडची, पण अनेक वर्षं नागपुरात राहिलेली. लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ डोक्यावर ठेवून ती मालाचं घमेलं न्यायची. भरलेलं घमेलं एकटीने डोक्यावर चढवायचं म्हणजे कंबर जाते, म्हणून दुसरी बाई समोरून हात लावते. यासाठी त्या एकमेकींना हाक मारत नसत. एक वाकली की दुसरी हातातलं काम टाकून आलेलीच असायची.

आमच्यात कॉलेजचा एक सडपातळ मुलगा होता. त्याचं घमेलं ती पाऊणच भरायची आणि वरून फावड्याने माल असा पसरवायची की भरल्यासारखं दिसावं. मी एकदा हळूच विचारलं. म्हणाली, "पहिल्याच दिवशी पुरं भरलं तं उद्या येत नाही भाऊ तो पोट्टा. अन् सगळ्यांसमोर कमी दिलं तं त्याला वाईट वाटते." करुणेवर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. समोरच्याचा भार कमी करायचा आणि त्याचा मानही राखायचा, हे इतकं नेमकं कुणी दाखवलं नव्हतं.

तिचं लहान मूल कडुलिंबाला बांधलेल्या झोळीत असायचं. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तर. दोन रेजांच्या कामावर झोळीच. आमच्यातल्या दोघींनी विटा सोडून ते मूल सांभाळायचं काम घेतलं. त्यांचा त्या बांधकामावर एकही फोटो नाही, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं श्रमदान त्यांचंच. दुसरी गोष्ट कागदाची. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीला वय १८ ते ६० हवं आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र. आज इथे, उद्या तिथे राबणाऱ्या बाईला ते कोण देणार? तुमच्या गटात फॉर्म भरता येणारं, ग्रामपंचायतीत चकरा मारणारं कुणी असेल तर त्याच्या हाती थापी देऊ नका, या कामाला लावा.

आणि पाणी मारणं. भिंत उभी राहिली की उत्साही मंडळी घरी जातात, खरं काम तिथून सुरू होतं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. भिंतीतला ओलावा पटकन उडाला तर सिमेंट पुरतं धरत नाही, सांधे भुसभुशीत राहतात. निदान आठवडाभर, आणि राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला या उन्हात दोन आठवडे, ते ओलं ठेवावं लागतं. आजी सकाळ-संध्याकाळ बोअरवरून बादल्या आणत होत्या. ते पाहिल्यावर आम्ही पाळ्या लावल्या, कारण भिंत आमची आणि पाणी त्यांचं, असा हिशेब कसा चालेल?

तेव्हा जाण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा: आपण परतल्यावर पाणी कोण मारणार, स्थानिक मजुरांचा रोज बुडत तर नाही ना, आणि दार-खिडकी-चूल कुठे हवी हे घरमालकिणीला विचारलंय का. आमच्या आजींना चूल पडवीत हवी होती, नकाशात ती आत होती. मिस्त्रीने ती बाहेर घेतली. घरापेक्षा श्रमाचा अनुभवच हवा असेल तर बाबा आमटे यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ.

आमच्याकडे याल तर सुती दुपट्टा आणा, पहाटे साडेपाचला कामावर या आणि बारानंतर उन्हात थांबू नका. मजूरही तेव्हा थांबत नाहीत.