मोबाइल सल्ला: ‘८ + ८ जीबी’ म्हणजे १६ जीबी नव्हे

सणासुदीच्या ऑफर लागल्या की ‘कोणता घेऊ?’ अशी पत्रं वाढतात. या अंकात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले प्रश्न घेतले आहेत. किमती आठवड्याला बदलतात, त्यामुळे मॉडेलची यादी देण्यापेक्षा काय तपासायचं ते सांगण्यावर भर आहे.

प्रश्न (तासगाव): सोळा हजारांच्या आसपासचे दोन फोन बघून ठेवलेत. दोन्ही ५जी, दोन्हींना ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा. एकाच्या खोक्यावर ‘८ + ८ जीबी रॅम’ आहे, दुसऱ्यावर नुसतं ६ जीबी. दुकानदार पहिलाच घ्या म्हणतो. माझा वापर दिवसभर द्राक्षबागेत, उन्हात. कुठला घ्यावा?

आधी त्या खोक्यावरचं ‘+ ८’ डोक्यातून काढून टाका. फोनच्या स्टोरेजमधली ८ जीबी जागा रॅमसारखी वापरायची ती सोय आहे. स्टोरेज हे रॅमपेक्षा कितीतरी मंद असतं, त्यामुळे मागे पडलेलं ॲप पुन्हा उघडायला वेळ लागायचा तो लागतोच. शिवाय ती जागा तुमच्या फोटो-व्हिडिओंच्या वाट्यातून जाते. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद केली तरी फारसा फरक जाणवत नाही.

उरला सामना ८ विरुद्ध ६ जीबीचा. त्यात ८ जीबीवालाच बरा, पण स्टोरेजचा प्रकार पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. स्वस्त फोनमध्ये अजूनही ईएमएमसी ५.१ स्टोरेज येतं. त्याचा वाचनाचा वेग सेकंदाला साधारण २५० ते ३०० एमबी, आणि ते एका वेळी एकतर वाचतं नाहीतर लिहितं. यूएफएस २.२ या प्रकारचं स्टोरेज एक हजार एमबीच्या आसपास जातं आणि दोन्ही कामं एकदम करतं. फोन नवा असताना हा फरक कळत नाही. वर्षभराने स्टोरेज ८० टक्के भरलं, व्हॉट्सॲपचे ग्रुप तुंबले, की ईएमएमसीवाला फोन गॅलरी उघडतानाच अडखळतो. मग ‘रॅम कमी पडली’ असं म्हणून लोक दुरुस्तीवाल्याकडे जातात. ही माहिती खोक्यावर क्वचितच असते, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर शोधावी लागते. तिथे नुसतं ‘१२८ जीबी’ लिहून प्रकार गाळला असेल, तर ईएमएमसी समजून चालावं. चांगली गोष्ट असती तर मोठ्या अक्षरात छापली असती.

प्रोसेसरच्या बाबतीत ‘ऑक्टाकोर’ या शब्दाला काही किंमत नाही, आठ कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) सगळ्यांकडेच असतात. त्यातले ताकदीचे किती, ते विचारा. मीडियाटेक डायमेन्सिटी ६३०० मध्ये कॉर्टेक्स ए७६ जातीचे दोन आणि बाकी सहा साधे ए५५. डायमेन्सिटी ७३०० मध्ये ताकदीचे ए७८ जातीचे चार, आणि चिप ४ नॅनोमीटरची असल्याने तापतेही कमी. व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब एवढ्यासाठी पहिली पुरते. चार-पाच वर्षं फोन वापरायचा असेल तर दुसरीसाठी दोन हजार जास्त गेले तरी हरकत नाही.

आता ऊन, कारण तुमच्या वापरात हाच मुद्दा सगळ्यात मोठा. जाहिरातीतला ‘पीक ब्राइटनेस’चा आकडा पडद्याच्या एका छोट्या तुकड्यापुरता असतो. तुम्हाला लागतो तो ‘एचबीएम’ म्हणजे हाय ब्राइटनेस मोडचा आकडा, तो १००० निट्सच्या (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) पुढे असावा. या किमतीच्या एलसीडी पडद्यांपैकी बरेच ५००–६०० निट्सवर थांबतात आणि भर दुपारी बागेत त्यावर औषधाच्या बाटलीचा फोटोही नीट दिसत नाही. दुकानातला डेमो फोन दाराबाहेर उन्हात नेऊन बघा. मात्र ऑटो ब्राइटनेस चालू करा: बहुतेक फोनमध्ये एचबीएम ऑटोवर असतानाच लागतो, हाताने पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी लागत नाही. बरेच जण इथेच फसतात आणि चांगल्या फोनला नावं ठेवतात.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि ते योग्यच आहे. सोबतचे २ मेगापिक्सेलचे ‘मॅक्रो’ आणि ‘डेप्थ’ हे शोभेचे. संध्याकाळच्या फोटोसाठी ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी लेन्सची यंत्रणा) आहे का तेवढं बघा. ओआयएस असलेला फोन मोटरसायकलच्या हँडलला अडकवून फिरू नका, इंजिनाच्या हादऱ्यांनी लेन्सची यंत्रणा बिघडू शकते. आयफोनबद्दल ॲपलनेच २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता.

शेवटची तपासणी अपडेटची. सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षं अपडेट जाहीर केली आहेत, याच किमतीत दोन वर्षांवर हात झटकणारे फोनही आहेत. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दीड वर्ष जुनं मॉडेल स्वस्तात मिळत असेल तर तेवढी वर्षं वजा करा.

तेव्हा उत्तर असं: ६ जीबीवाल्यात यूएफएस आणि उजळ पडदा असेल, आणि ‘८ + ८’ वाल्यात ईएमएमसी आणि एलसीडी असेल, तर डोळे झाकून ६ जीबीवाला घ्या. दोन्ही बाबतींत बरोबरी असेल तर खरे ८ जीबी असलेला.

प्रश्न (जावळी तालुका): आमच्या वाडीत घरात रेंजच नाही, अंगणाच्या कोपऱ्यात एक-दोन कांड्या येतात. ५जी फोन घेतला तर फरक पडेल का?

५जी आहे म्हणून रेंज वाढत नाही. टॉवर कुठल्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) आहे आणि तुमचा फोन तो बँड पकडतो का, यावर सगळं असतं. डोंगर आणि दगडी भिंती यांतून कमी फ्रिक्वेन्सीची लहर जास्त आत शिरते. जिओचा ८५० मेगाहर्ट्झ (बँड ५), एअरटेल आणि व्हीआयचा ९०० (बँड ८), बीएसएनएलच्या ४जीचा ७०० (बँड २८) हे तुमच्या कामाचे. ५जीत जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ आहे. ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा एन७८ शहरात वेग देतो, पण दरीत उतरत नाही. भारतात विकायला आलेल्या फोनमध्ये बहुधा हे सगळे असतात, तरी यादी बघून घ्या. परदेशातून पाहुण्यांनी आणलेल्या फोनमध्ये गडबड सापडते. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्यांना तर सिम घालायची खाचच नसते.

खर्च करण्याआधी एक करा. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असतील, ती घरात आणून एकाच फोनमध्ये आलटूनपालटून घालून बघा. अनेकदा फोन ठीक असतो, सिम बदलायची गरज असते. घरात किंवा शेजारी ब्रॉडबँड पोहोचलं असेल तर प्रश्नच मिटतो: सेटिंगमध्ये सिम कार्डाच्या पानावर ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा, साधा फोन वाय-फायवरून लागतो, त्याचे वेगळे पैसे जिओ किंवा एअरटेल घेत नाहीत. फोन घेताना तुमच्या सिमवर ही सोय चालते ना, ते दुकानातल्या वाय-फायवर फोन लावून खात्री करा.

प्रश्न (कराड): ‘नो कॉस्ट ईएमआय’ने अठरा हजारांचा फोन घेतोय. खरंच वर काही लागत नाही का?

लागतं. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. आता व्याजाइतकी सूट आधी दाखवतात आणि तेवढंच व्याज हप्त्यात घेतात. उदाहरणार्थ ३,००० रुपयांचे सहा हप्ते, व्याज वर्षाला १५ टक्के. त्यात मुद्दल सुमारे १७,२३८ आणि व्याज ७६२. या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १३७ रुपये तुमच्या कार्डावर पडतात. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसह २३५. म्हणजे फोन १८,३७२ ला पडला.

हे ३७२ रुपये काही फार नाहीत. खरा फटका वेगळाच: तोच फोन रोखीत किंवा कार्डाच्या सवलतीत १६,५०० ला मिळत असेल आणि हप्त्यांवर ती सूट लागू नसेल, तर तुम्ही १,८७२ जास्त मोजताय. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न ‘रोख दिले तर किती?’ हाच टाका, हप्त्याचं नाव नंतर काढा. फायनान्स कंपनीचा कागद असेल तर सही करण्याआधी तीन रकमा लिहून मागा: फाइल चार्ज, विम्याच्या नावाने घातलेली रक्कम, आणि हप्ता परत गेला तर लागणारा दंड. विमा नको असेल तर तो काढायला सांगता येतो.

प्रश्न (मिरज): मुलीला कॉलेजसाठी फोन हवाय. पंचवीस हजारांत वापरलेला आयफोन घ्यावा की नवा अँड्रॉइड?

तिला आयफोनच हवा असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, नीट तपासून घ्या. फार मागे मात्र जाऊ नका. आयओएस २६ ही प्रणाली आयफोन ११ पासून पुढेच चालते, म्हणजे ११ हा रांगेतला शेवटचा आहे. १३ किंवा त्यापुढचा बघा. १५ पासून टाइप-सी आहे, घरातले चार्जर चालतात.

फोन हातात घेतल्यावर *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा. मेसेजमध्ये केवायएम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक लिहा आणि १४४२२ वर पाठवा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ आलं तर तिथूनच परत फिरा. सरकारच्या संचार साथी ॲपवरही हे दिसतं. मग सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून कापा. जनरल, अबाउट या पानावर बॅटरी किंवा पडद्यापुढे ‘अननोन पार्ट’ दिसला तर सुटा भाग बाहेरचा आहे. सगळ्यात महत्त्वाचं: विकणाऱ्याने तुमच्यासमोर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून आपला ॲपल आयडी काढला पाहिजे. ‘घरी जाऊन करतो’ म्हणाला तर पैसेही घरी जाऊनच द्या. मूळ बिल हवंच.

शिक्षणासाठी, बॅटरीसाठी आणि वॉरंटीसाठी विचाराल तर याच पैशांत नवा अँड्रॉइड सरस ठरतो.

प्रश्न (जत): ई-पीक पाहणीचा फोटो काढताना लोकेशन चुकतं, ॲप घेत नाही. यासाठी वेगळा फोन लागतो का?

सहसा नाही. ॲपच्या परवानग्यांमध्ये ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू आहे का बघा, ते बंद असेल तर फोन मुद्दाम ढोबळ जागा देतो. डेटा चालू ठेवून नकाशाचं ॲप उघडा आणि बांधावर, मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर उभे राहा. निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ आकसलं की मग पाहणीचं ॲप उघडा. मोकळ्या जागी चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो, उंच उसात किंवा झाडाखाली तो भरकटतो. रानात नेट नसेल तर उपग्रहांची माहिती थेट आभाळातून उतरवून घ्यावी लागते, त्यामुळे पहिल्यांदा वेळ जास्त लागतो. नवा घेणारच असाल तर माहितीपत्रकात ‘एल१ + एल५’ जीपीएस (उपग्रहांचे दोन फ्रिक्वेन्सींवरचे सिग्नल घेणारा) असलेला घ्या.

प्रश्न (महाबळेश्वर): आयपी६८ असेल तर पावसाची भीती नाही ना?

पावसाची नाही. पण आयपी६८ ही धूळ-पाणी आत शिरत नाही ना याची चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात होते. पडदा एकदा बदलला की आतल्या चिकटपट्टीचा भरवसा उरत नाही. पाणी शिरलं तर वॉरंटी बहुतेक कंपन्या नाकारतात, आतली खुणेची पट्टी लाल झालेली त्यांना लगेच दिसते. भिजलेला फोन चार्जिंगला लावू नका, आणि तांदळात तर मुळीच ठेवू नका, पीठ पोर्टमध्ये जातं. टाइप-सीचं तोंड खाली करून पंख्यासमोर ठेवा.

प्रश्न (सांगली, मार्केट यार्ड): हळदीच्या गोदामात काम असतं. सहा-आठ महिन्यांत चार्जिंगची केबल ढिली होते, दर वेळी फोन बदलायचा का?

केबल ढिली होत नाही, ती आत पूर्ण बसत नाही. हळदीची भुकटी आणि खिशातले कापसाचे तंतू पोर्टच्या तळाशी दाबून दाबून घट्ट थर बनतो. फोन बंद करा, लाकडी टूथपिक चाकूने तासून पातळ करा आणि पोर्टच्या भिंतीच्या कडेकडेने तळ खरवडा. मधल्या पातळ जिभेला धक्का लावू नका, तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा संपर्कपट्ट्या असतात. टाचणी वापरली तर त्या वाकतात. तोंडाने फुंकू नका, ओल जाते. घड्याळजी वापरतात तो रबरी फुगा मिळतो, त्याने हवा मारा. स्पीकरच्या जाळीवर मऊ कोरडा ब्रश फिरवा.

तरीही चार्जिंग तुटत असेल तर आधी दुसरी केबल लावून बघा. तीही चालली नाही तर पोर्ट बदला. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तो वेगळ्या छोट्या पट्टीवर असतो आणि तेवढीच पट्टी बदलून मिळते. थेट ‘मदरबोर्ड गेलाय’ असं कुणी सांगितलं तर फोन तिथे ठेवू नका, आणखी एका कारागिराला दाखवा.