तमिळ थरारपटांच्या पार्श्वसंगीतात रॉकची गिटार इतकी का वापरली जाते?

तमिळ थरारपटाला गाण्यांची सक्ती नसते, हे एस. बालचंदर या वीणावादक दिग्दर्शकाने १९५४ सालीच 'अंद नाळ' या एकही गाणे नसलेल्या चित्रपटातून दाखवून दिले होते. २०१९ च्या 'कैदी'तही नायिका नाही आणि नृत्यगीतही नाही. अशा चित्रपटात ताण टिकवण्याचा बराचसा भार पार्श्वसंगीतावर पडतो.

तिथे रॉकची गिटार उपयोगी पडते. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करण्यामुळे, स्वरात अनेक उपस्वर मिसळतात आणि नाद लांबतो. शिवाय रॉकमधील पॉवर कॉर्डमध्ये (एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या एका जुळणीत) षड्ज आणि पंचम एवढेच स्वर असतात, आनंदी की दुःखी छटा ठरवणारा गंधार नसतो, त्यामुळे हा कॉर्ड आनंदाकडेही झुकत नाही आणि दुःखाकडेही, आणि ही अनिश्चितताच थरारपटाला हवी असते.

ध्वनिमुद्रणाची बाजू मला याहून महत्त्वाची वाटते. रॉकच्या मुद्रणात एकच गिटार दोनदा वाजवून एक डावीकडे आणि दुसरी उजवीकडे ठेवण्याची पद्धत रूढ आहे, ज्यामुळे मधली जागा गायकासाठी मोकळी राहते. चित्रपटगृहात संवाद प्रामुख्याने मधल्याच स्पीकरमधून येतात, म्हणून गिटार कितीही गरजली तरी दबक्या आवाजातला संवाद बहुधा स्पष्ट ऐकू येतो.