‘ओरिजिनल १९७१’ म्हणून घेतलेले पोस्टर बनावट निघाले तर?

प्रश्न: मला जुन्या सुपरहीरो पोस्टरचा नाद आहे. अकरा महिन्यांपूर्वी इन्स्टाग्रामवरच्या मुंबईच्या एका विक्रेत्याकडून डॉक्टर स्ट्रेंजचे १९७१ चे ब्लॅकलाइट (यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारे) पोस्टर ७२,००० रुपयांना घेतले. निम्मे पैसे यूपीआयने दिले, निम्मे त्याच्या माणसाकडे रोख. बिल नाही. इथल्या फ्रेमवाल्याने कडा कापून ते बोर्डावर चिकटवले. गेल्या महिन्यात मित्राने त्याच्यावर यूव्ही टॉर्च मारला तर पोस्टर चमकलेच नाही. भिंगातून पाहिले तर बारीक रंगीत ठिपके दिसले. विक्रेता म्हणतो, शाई उतरली असेल, आणि ‘नो रिटर्न’ मी आधीच सांगितले होते. पैसे परत मिळतील का? निदान त्या चित्राचे टी-शर्ट छापून थोडे वसूल करता येतील का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: पैसे मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण फ्रेमवाल्याच्या कटरने तो थोडा आखूड केला आहे.

आधी विक्रेत्याची बाजू बघू, कारण तो अगदीच थापा मारतोय असे नाही. न्यूयॉर्कच्या ‘थर्ड आय’ या कंपनीने १९७१ मध्ये मार्व्हलच्या पात्रांची पोस्टर काढली, ती फ्लुओरेसंट शाईत, स्क्रीन प्रिंटिंगने. ही शाई उजेडाने खरोखरच उतरते. वर्षानुवर्षे खिडकीसमोर टांगलेले अस्सल पोस्टरही फिकेच चमकेल. शिवाय टॉर्च मारताना फ्रेमची काच काढली होती का? रंग टिकावेत म्हणून बसवतात त्या काचा यूव्ही किरणच अडवतात. तेव्हा ‘चमकले नाही’ एवढ्यावर तक्रार उभी करू नका.

तुमचा पुरावा आहे तो ठिपक्यांचा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एकेक रंग जाळीतून दाबून सपाट बसवतात, भिंगाखाली तो भरीव दिसतो. निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची जाळी मिळून रंग तयार झालेला दिसला, तर ते चार रंगांच्या छपाईचे काम. शाई कितीही उतरली तरी सपाट रंगाचे असे ठिपके होत नाहीत. तरीही तुमच्या मित्राचे निरीक्षण ग्राहक आयोगापुढे फारसे चालणार नाही. कला महाविद्यालयात प्रिंटमेकिंग शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांना पोस्टर दाखवा आणि मोठे केलेले फोटो जोडून सही-तारखेचा लेखी अभिप्राय घ्या.

आता कायदा. तुम्ही पाठवलेल्या चॅटमध्ये विक्रेत्याने लिहिले आहे, ‘ओरिजिनल १९७१, रीप्रिंट नाही.’ सगळे प्रकरण या वाक्यावर उभे राहील. वर्णन करून माल विकला की तो वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, हे मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ मध्ये आहे. मालाचा दर्जा किंवा प्रकार खोटा सांगणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. गंमत म्हणजे जुना माल नवा म्हणून विकणाऱ्याचा उल्लेख त्या व्याख्येत वेगळा केला आहे. नवा माल जुना म्हणून खपवणारा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसावा, पण दर्जा आणि प्रकाराच्या कलमात तोही सापडतो. बिल न देणेही याच व्याख्येत येते, म्हणजे बिल नाही ही अडचण तुमच्याइतकीच त्याचीही आहे. ‘नो रिटर्न’चा अर्थ इतकाच, की मन बदलले म्हणून माल परत आणू नका. सांगितला एक आणि दिला दुसरा, यावर ते पांघरूण होत नाही.

फ्रेमचे मात्र त्रांगडे आहे. माल ताब्यात आल्यावर, तो अजून विक्रेत्याचाच असता तर चालले नसते असे काही आपण त्याच्याशी केले, की कायद्याने आपण तो स्वीकारला असे धरतात. कडा कापून बोर्डाला चिकटवणे यात नक्की बसते. मग माल परत करून सगळे पैसे मागण्याऐवजी नुकसानभरपाईच मागता येते, म्हणजे ढोबळमानाने दिलेली किंमत वजा रीप्रिंटची किंमत. यावर उत्तर असे, की फसवणूक करून घेतलेली संमती भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ खाली रद्द करता येते, आणि आयोगालाही किंमत परत करायला लावण्याचा अधिकार आहे. तक्रारीत दोन्ही मागा: आधी पूर्ण रक्कम, ती न दिल्यास पर्यायी म्हणून किमतीतला फरक. कापलेल्या कडेवर प्रकाशकाचे नाव देणारी छपाईची ओळ असेल, तर फ्रेमवाल्याकडे ती पट्टी पडली आहे का ते विचारा. बहुधा नसेलच. मग विक्रीआधी विक्रेत्याने पाठवलेले फोटो जपा, त्यात कड दिसते.

पुढचा वाद ‘ग्राहक’ कोण याचा. चॅटमध्ये तुम्हीही विचारून बसला आहात, ‘पाच वर्षांत दुप्पट होईल ना?’ विरुद्ध बाजूचा वकील हेच वाचून दाखवेल आणि म्हणेल, हे गुंतवणूकदार, व्यापारी हेतूने खरेदी केली, ग्राहक नव्हेत. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की व्यापारी हेतू होता की नाही हे प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीवरून ठरवायचे. तुमची वस्तुस्थिती चांगली आहे: पोस्टर घरच्या भिंतीवर आहे आणि आजवर तुम्ही काही विकलेले नाही. भिंतीचा फोटो काढून ठेवा. ‘मीही तुमच्यासारखाच छंदी, व्यापारी नव्हे’ असा बचाव विक्रेताही घेईल. त्याच्या खात्यावरच्या बाकीच्या विक्रीचे स्क्रीनशॉट आजच घ्या, नोटीस गेल्यावर ते खाते रिकामे झालेले दिसेल.

रोख दिलेल्या ३६,००० ची चिंता मला कमी वाटते. ‘बाकीचे मिळाले’ असा त्याचा मेसेज आहे आणि व्यवहाराची एकूण रक्कम वरच्या मेसेजमध्ये आहे. फोन बदलू नका, गायब होणाऱ्या मेसेजची सोय बंद करा, चॅट एक्स्पोर्ट करा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या. विक्रेत्याचा पत्ता माहीत नसेल, तर पोस्टर ज्या पुठ्ठ्याच्या नळीतून आले तिच्यावरची कुरिअरची चिठ्ठी पाहा.

पंधरा दिवसांची नोटीस द्या. उत्तर आले नाही तर कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, मुंबईला खेटे नकोत. मुदत दोन वर्षांची, त्यातले अकरा महिने गेले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑनलाइनही दाखल करता येते. पोलिसांकडेही जाता येईल, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. पण विकतानाच त्याला ते नकली असल्याचे ठाऊक होते, हे दाखवावे लागेल. तोही कोणाकडून फसलेला असू शकतो. ठाण्यात ‘हा दिवाणी मामला’ असे ऐकायची तयारी ठेवा.

एक बजावतो. शंका आल्यानंतर हेच पोस्टर ‘ओरिजिनल’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारले, तर पुढच्या तक्रारीत आरोपी तुम्ही असाल.

आणि टी-शर्ट? नाही. पोस्टर अस्सल असते तरी तुमच्या मालकीचा झाला असता तो कागद. चित्र छापण्याचा हक्क मार्व्हलचाच. परदेशी कृतींनाही आपल्याकडे कॉपीराइट संरक्षण आहे. जाणूनबुजून भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो, ट्रेडमार्कचे लफडे वेगळेच. शिवाय ‘व्यापारी हेतू’ शोधत बसलेल्या त्या वकिलाला याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? छपाईवाल्याकडे डिझाइन दिले असेल तर आजच फोन करून थांबवा.