आधी केस पेपर मागून घे

नाशिक

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. वकिलीची सनद मिळून वर्षही झालेलं नाही आणि लग्नात, बारशाला, अगदी भाजी घेतानासुद्धा लोक तुला थांबवून विचारतात, "आमच्या पोराला गाडीने उडवलं, किती मिळतील?" चटकन उत्तर देता येत नाही म्हणून तू कष्टी झाली आहेस. होऊ नकोस. मांडवात उभं राहून रक्कम सांगणारा वकील पक्षकाराचं नुकसानच करतो, कारण तो आकडा त्या घरात वर्षानुवर्षं बसून राहतो. तू दोनच गोष्टी विचार. अपघाताची तारीख कोणती, आणि दवाखान्यातल्या पहिल्या कागदावर, म्हणजे केस पेपरवर, काय लिहिलंय?

या दुसऱ्या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यातले कितीतरी खरे दावे तिथेच लंगडे होतात. द्वारका चौकात किंवा नांदूर नाक्यावर कुणी दुचाकीला धडक देतो. उतरून हात जोडतो, "पोलिसात कशाला जायचं, खर्च सगळा मी करतो" म्हणतो. जखमीचा भाऊ आधीच घाबरलेला असतो. दवाखान्यात विचारलं की तो सांगतो, "गाडी घसरली." डॉक्टर तेच लिहितात, त्यांचा दोष नाही. चार दिवसांनी खर्च करणारा फोन उचलत नाही, मांडीचं हाड मोडल्याचं कळतं, ऑपरेशनची रक्कम ऐकून घर हादरतं आणि मग एफआयआर होते. पुढे ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघात भरपाईचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात, विमा कंपनीचा वकील तोच केस पेपर काढतो आणि विचारतो, धडक बसली असेल तर पहिल्या दिवशी तसं का नाही सांगितलं? समोरचा माणूस खरं बोलत असतो, पण कागद त्याच्या विरोधात गेलेला असतो.

म्हणून ओळखीच्या प्रत्येकाला सांगत जा : दवाखान्यात घडलं तसंच सांगायचं, गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्यायला लावायचा. सिव्हिलला नेलं तर एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद झाली का ते विचारायचं आणि नंबर टिपून ठेवायचा. आजूबाजूच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याबद्दल दुकानदाराला आणि पोलीस ठाण्याला लगेच लेखी अर्ज द्यायचा. मदतीला धावलेल्याला पोलिसांचं झंझट नको असतं, त्याला सांगायचं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे त्याला संरक्षण आहे, नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. पण तो स्वखुशीने साक्ष द्यायला तयार असेल तर त्याचा फोन नंबर घेऊन ठेवायचा.

आणि कागदावर चुकीचं आधीच लिहून गेलेलं असेल तर? ते लपवू नकोस. ज्याने ती माहिती दिली त्यालाच साक्षीला आण, तसं का सांगितलं ते त्याच्या तोंडून रेकॉर्डवर येऊ दे. भीतीपोटी बोललेलं खोटं न्यायाधीशांना समजू शकतं. दडवलेला कागद विरोधी वकिलाच्या हातून पुढे आला, तर मग कशावरच विश्वास उरत नाही.

खरं सांगण्याचा फायदा आता पहिल्या दिवसापासूनच आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार मिळण्याची योजना लागू आहे. पण पोलिसांकडून अपघाताची खातरजमा व्हावी लागते. 'घसरून पडला' असं सांगून बसलेल्याला ती कशी मिळणार?

आता तारीख. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि कलम १६६ खालच्या भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली. त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती, म्हणून जुनी माणसं अजून सांगतात, "क्लेमला घाई नसते." ते ऐकू नकोस. या मुदतीच्या वैधतेचा वाद सुप्रीम कोर्टात गेलेला आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर पक्षकाराला घरी बसवायचं नसतं. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलकडे पाठवावा, असे नियम आहेत. तो अहवाल गेला का, हे तू स्वतः ठाण्यात जाऊन बघ. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असंही लोकांना वाटतं. कसारा घाटात किंवा पार नागपूरजवळ अपघात झाला, तरी जखमी नाशिकला राहत असेल तर अर्ज आपल्या सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातच करता येतो.

कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. अडलेल्या घराला ते मोठे वाटतात. पण ती भरपाई विमा कंपनीकडून कलम १४९ च्या तडजोडीत स्वीकारली की १६६ चा अर्ज संपतो. म्हणून सही करण्याआधी हिशेब मांडून दाखव. तो कसा मांडायचा ते सांगतो.

समज, दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणी करणारा ३४ वर्षांचा माणूस आहे, महिन्याला पंधरा हजार कमावतो. उजव्या मनगटाचं हाड चुकीचं जुळलं, आता कात्री दाबता येत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व २० टक्के. नवा वकील तेवढ्याच २० टक्क्यांवर हिशेब करतो आणि तिथेच त्या माणसाचं निम्मं आयुष्य सोडून देतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने नीट समजावलंय : अवयवाचं अपंगत्व वेगळं, कमाईची ताकद किती गेली ते वेगळं. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं. आपल्या छाटणीवाल्याची कमाईची ताकद ४० टक्के गेली असं कोर्टाने मानलं, तर वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार, त्यात चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कमावत्यासाठी भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २ लाख ५२ हजार, त्याचे ४० टक्के म्हणजे १ लाख ८०० रुपये, आणि वयाप्रमाणे गुणक १६. होतात १६ लाख १२ हजार ८००. उपचाराचा खर्च आणि वेदनेची भरपाई याहून वेगळी.

मात्र हे ४० टक्के कोर्ट आपणहून देत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलाव आणि विचार, हा माणूस कात्री धरू शकेल का, शिडीवर चढू शकेल का, क्रेट उचलू शकेल का? बागाईतदाराला किंवा मुकादमाला आणून छाटणीचं काम कसं चालतं ते सांगायला लाव. पगाराची पावती नसते म्हणून गप्प बसू नकोस. मुकादमाची वही, बँकेचं पासबुक, फोनवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, हे सगळं पुरावाच आहे. मला विचारशील तर आपल्या कामात इथेच खरा कस लागतो, कलमं पाठ असण्यात नाही. त्या माणसाचं काम तुला स्वतःला समजलं नसेल तर एकदा बागेत जाऊन बघून ये.

एक दुखरी गोष्ट. पेठ-सुरगाण्याकडून मजूर पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून बागांवर येतात. पिकअप उलटली की समजतं की मालवाहू गाडीत नुसतं प्रवासी म्हणून बसलेल्याची जबाबदारी कायद्याने विमा कंपनीवर येत नाही. २००२ च्या अखेरीस आशा राणी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते ठरवून टाकलं. आपला माल घेऊन बसलेल्या मालकाला संरक्षण आहे, गाडीवर कामाला असलेल्या हमालालाही काही प्रमाणात आहे, पण मजुरीला निघालेल्या बाईला नाही. तुला कुणीतरी सुचवेल, "हमाल होतो म्हणून लिहून टाक." तसं करू नकोस. जबाबात खरं असेल तर ते उलटतपासणीत उघडं पडतं, आणि गरिबाच्या कपाळी खोटारडेपणाचा शिक्का बसतो. गाडीमालकावर दावा कर, दुसऱ्या वाहनाची चूक होती का ते तपास, मजूर शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत बसतो का ते सातबारा मागवून बघ. मृत्यू झाला असेल तर त्यातून दोन लाखांचं अनुदान आहे. विम्याच्या बाबतीत दुचाकीच्या मागच्या सीटवर बसलेल्याचंही असंच आहे. त्याच दुचाकीची चूक असेल आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल, तर मागे बसलेला त्यात येत नाही. म्हणून पॉलिसीची प्रत हातात आल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नकोस. धडक देऊन पळून गेलेलं वाहन सापडलंच नाही तर वेगळ्या योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण लोकांना ती माहीतच नसते.

पावसाळ्यात खड्ड्यांचे प्रश्न येतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, आणि जखमेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यावी, असा आदेश दिला. त्यासाठी महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती आहे. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी, मागची ओळखू येणारी इमारत किंवा पाटी दिसेल असा काढायला सांग. आठवड्यात डांबर पडतं आणि पुरावा त्याखाली जातो. पालिकेवर दिवाणी दावाच लावायचा असेल तर आधी एक महिन्याची नोटीस लागते आणि सहा महिन्यांची मुदत असते, हे विसरू नकोस.

शेतात तुटून पडलेल्या वीजतारेने कुणी दगावलं, तर वीज कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं घरच्यांवर नाही. २००२ च्या शैल कुमारी निकालापासून ते स्पष्ट आहे. तिथे फक्त पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि विद्युत निरीक्षकांचा अहवाल जमव.

आता हाणामारी. सिडकोत पार्किंगवरून, खेड्यात बांधावरून. लोक रागाने येतात, "पोलिसांनी नुसती एनसी घेतली," म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंद केली. साधी दुखापत अदखलपात्रच असते, तिथे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पण हाड मोडलं किंवा दात पडला तर ती गंभीर दुखापत होते आणि गुन्हा दखलपात्र ठरतो. नव्या न्याय संहितेत, पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचं काम करता आलं नाही तरीही. म्हणून आधी एक्स-रे झाला का विचार. झाला नसेल तर आधी दवाखाना, मग ठाणं. दखलपात्र गुन्हा असूनही एफआयआर घेत नसतील, तर शहरात पोलीस उपायुक्तांकडे आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करायची, मग दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. बांधाच्या भांडणात मात्र दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकदा समोरासमोर बसवून बघ. मोजणी आणली की निम्मे वाद तिथेच निवतात.

पैशांचे प्रश्न थोडक्यात. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. हातउसने दिलेल्या पैशांना सर्वसाधारणपणे तीन वर्षं. घराचा भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. लेखी करारच नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, डिपॉझिट अडवून बसलेल्या मालकाला एवढं कळवलं तरी पुष्कळदा काम होतं.

डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारीत घाई नको. रुग्ण वाचला नाही म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही, आणि दुःखातल्या माणसाला हे सांगणं अवघड असतं. तरी सांग. आधी संपूर्ण रेकॉर्ड लेखी माग, मागणीपासून ७२ तासांत ते द्यावं असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. मग त्याच शाखेच्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखव. त्यांनाही चूक दिसली तर ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षं.

फीबद्दल तू विचारलं नाहीस, पण लिहितो. क्लेमच्या कामात टक्केवारी ठरवणारे तुला भेटतील. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला मनाई आहे, आणि ती योग्य आहे. त्या पैशांवर एखाद्या विधवेचं घर चालायचं असतं. फी आकड्यात ठरव, मराठीत लिहून दे, एक प्रत पक्षकाराकडे ठेव. ज्याला तीही परवडत नाही त्याला विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात स्वतः घेऊन जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन आहे. लोकअदालतीत बसवशील तेव्हा तिथल्या निवाड्यावर अपील नाही, हे सहीच्या आधी, घरच्यांसमोर, सावकाश सांग.

त्या छाटणीवाल्यासारखी केस हाती आली की मसुदा दाखल करण्याआधी माझ्याकडे पाठव. रविवारी सकाळी मी घरीच असतो, सोबत मूळ केस पेपर आण, झेरॉक्स नको.

तुझे सर