पेलोटन? अहो, आपली पलटण!

साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या एका वाचकाने विचारलंय: "जुलैत रोज रात्री टूर द फ्रान्स ही सायकलशर्यत बघतो. टीव्ही एकीकडे, मोबाइलवर लाइव्ह ट्रॅकर एकीकडे. आमच्या सायकलग्रुपवर सगळ्या टप्प्याचं मराठीतून वर्णन चालतं. स्वारांचा जो मोठा जमाव एकत्र चालतो, त्या 'पेलोटन'ला मराठीत काय म्हणावं? घोळका, कळप, गट, दिंडी, सगळं सुचवून झालं. शिवाय ट्रॅकरवर पुढच्या-मागच्या स्वारांतला 'गॅप' दिसतो त्याला अंतर म्हणायचं की फरक?"

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: पलटण. घाई असणाऱ्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

बाकीच्यांना आधी या शब्दाचे सध्या काय हाल चाललेत ते सांगतो, नाहीतर मला पुढे लिहवणार नाही. रविवारी सकाळी चौघांनी समर्थ मंदिरापाशी जमायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेला लागायचं आणि फोटोखाली लिहायचं, 'संडे पेलोटन'. चौघं म्हणजे चौकडी. फार तर टोळकं. दुसरा प्रकार बेडरूममधला. अमेरिकेत २०१२ साली निघालेल्या एका कंपनीने घरातल्या व्यायामाच्या सायकलीला हे नाव दिलं, आणि आता कुठल्याही एका जागी उभ्या सायकलीला लोक 'पेलोटन' म्हणू लागलेत. एकट्याने भिंतीकडे तोंड करून पायडल मारणं हे पेलोटनच्या नेमकं उलट आहे, एवढं तरी ध्यानात घ्या.

तिसरे आमचे वर्णनकार. 'पेलोटनने अटॅक केला!' अहो, अटॅक एकटादुकटा करतो. तो पेलोटनमधून सुटून पुढे पळतो. पेलोटन त्याला गाठतं, किंवा 'जा बाबा' म्हणून सोडून देतं. आणि पुढे पळालेल्या पाच-सहा जणांना 'पुढचं पेलोटन' म्हणू नका. ते निसटलेले.

टूरमध्ये एका संघात ८ जण आणि संघ २२-२३, म्हणजे सुरुवातीला १७६ ते १८४ सायकली. त्यातला जो मोठा जमाव एकमेकांच्या आडोशाने चालतो, ते पेलोटन. आडोसा हा शब्द मुद्दाम वापरतोय. २०१८ साली बर्ट ब्लोकेन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ स्वारांचं पेलोटन संगणकावर आणि पवनबोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये, तपासलं. आत मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला हवेचा जो विरोध होतो, तो एकट्याने चालवणाऱ्याच्या ५ ते १० टक्केच भरला. एकटा पळणारा का पकडला जातो, याचं उत्तर या आकड्यात आहे.

आता सुचवलेले शब्द. 'घोळका' भाजी मंडईत जमतो आणि तिथेच रेंगाळतो. 'कळप' म्हटलं तर स्वार रागावतील, आणि बरोबरच आहे. 'गट' हा शब्द महाराष्ट्रात काही वर्षं बाजूला ठेवावा. गट म्हटलं की कंसात कुठल्या नेत्याचा ते लिहावं लागतं. 'दिंडी' सुचवणाऱ्याचा भाव मला कळतो. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण करत पुढे जाते, आणि वरून काढलेले तिचे फोटो खरंच तसे दिसतात. पण दिंडीतून कुणी निसटत नाही, आणि निसटलाच तर त्याला गाठायला विणेकरी धावत नाहीत.

म्हणून पलटण. आणि हा काही मी बसवलेला प्रतिशब्द नाही. हा तोच शब्द आहे.

फ्रेंचमध्ये 'पलोत' म्हणजे गोळा, चेंडू, लोकरीचा गुंडा. त्याचं लहान रूप पेलोटन. खुद्द फ्रेंच माणूस बोलताना पहिला स्वर गिळतो आणि जवळजवळ 'प्लोतों' म्हणतो. हा गिळलेला स्वर लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे. मुळाशी लॅटिन 'पिला', म्हणजे चेंडू. त्या पिलाचं लहान रूप 'पिलुला', तिच्यातून इंग्रजांची 'पिल', म्हणजे तुमची रक्तदाबाची गोळी. लोकरीच्या गुंड्यावरून माणसांचा पुंजका, पुंजक्यावरून एकदम बार काढणाऱ्या शिपायांची तुकडी. या लष्करी अर्थाने शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत गेला आणि 'प्लाटून' झाला. सायकलींच्या वाट्याला तो त्यानंतर पुष्कळ काळाने आला.

मराठीत तो आला पलटण होऊन, आणि सातारा जिल्ह्यात तर घरातलाच झाला. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. आपशिंगे गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडलेलं आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीत 'जंगी पलटण' आहे. 'पोरगं पलटणीत हाय, दिवाळीला सुट्टीवर येतंय' हे वाक्य कधी कानावर पडलं नाही असा सातारकर मला दाखवा. आणि फौजेशी काडीचा संबंध नसलेल्या घरातसुद्धा दारात जीप थांबून दहा-बारा पाहुणे उतरले की आतून आवाज येतोच, 'आली पलटण!', आणि चुलीवरच्या आधणात आणखी दोन तांबे पाणी पडतं. एकगठ्ठा, धावता, थोडा धसमुसळा जमाव हा अर्थ या वापरात पक्का बसलाय. पेलोटनला आणखी काय हवं?

इथे व्युत्पत्तीवाले आडवे येतात. पलटण हा 'बटालियन'चा अपभ्रंश, असं ते छातीठोकपणे सांगतात. आधार कुठला, तर यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश. तो उघडून बघा. त्यांनी बटालियन आधी दिलंय खरं, पण लगेच पुढे 'किंवा कदाचित' म्हणून इंग्रजी प्लाटून आणि फ्रेंच पेलोटन यांचीही नावं घेतलीत. आमचे पंडित पहिला अर्धा भाग उचलतात आणि 'किंवा'पाशी पुस्तक मिटतात.

बरं, कानाने तपासू. मराठी जिभेला सुरुवातीच्या 'ब'चं कधी वावडं नव्हतं. बॉटलची बाटली झाली, पाटली नाही झाली. बूट, बिगूल, बटण, सगळे 'ब'ला धरून राहिले. बटाटासुद्धा पटाटा झाला नाही. मग एकट्या बटालियनवरच 'प' व्हायची पाळी का यावी? दुसरं, व्यंजनांचा क्रम बघा. बटालियनमध्ये आधी ट, मग ल. पलटणीत आधी ल, मग ट, अगदी प्लाटून आणि पेलोटनमध्ये आहे तसा. दक्षिणेत तमिळमध्ये फौजेला 'पट्टाळम्' म्हणतात. तो मात्र खुशाल बटालियनचा म्हणा, माझी हरकत नाही. तिथे ट आणि ल आपापल्या जागी आहेत, आणि तमिळ लिपीत 'ब'ला वेगळं अक्षरच नाही. तिसरं, 'प्ल' हे जोडाक्षर आपण सरळ ठेवत नाही, त्यात स्वर घालतो: प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, तशी त्या गिळलेल्या स्वराच्या 'प्लोतों'ची पलटण. आणि शेवटच्या 'न'चा 'ण' कसा झाला, असं विचारणाऱ्याने आपल्या शर्टाच्या बटणाकडे बघावं.

राहिला अर्थाचा मुद्दा. फौजेत पलटण म्हणजे बटालियनएवढी मोठी तुकडी, प्लाटूनएवढी छोटी नव्हे, म्हणून शब्दही बटालियनचाच, असा युक्तिवाद असतो. अर्थ असे फुगतात आणि आटतात. 'कंपू' घ्या. मूळचा तो छावणीचा शब्द. शिंद्यांच्या फौजेत कंपू म्हणजे आख्खी ब्रिगेड झाली. आणि आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात कुजबुजणारे तिघं म्हणजे 'त्यांचा कंपू'. छावणीचं टोळकं होऊ शकतं, तर तुकडीची पलटण का होऊ नये?

शिंद्यांचं नाव निघालंच आहे तर माझा लाडका भाग सांगतो. पलटण आपल्याला इंग्रजांनी दिली असं बहुतेक जण धरून चालतात. मला ती फ्रेंच बोलणाऱ्यांकडून आलेली वाटते. अनुमान आहे, पण हवेतलं नाही. फ्रेंच कवायतीचे शब्द मराठीत इंग्रजी राज्याच्या आधीच शिरले होते. गारदी हा फ्रेंच 'गार्द'. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६१ ला पानिपतावर भाऊंच्या बाजूने लढला, आणि १७७३ मध्ये नारायणरावाच्या खुनामुळे तो शब्द मराठीत कायमचा बदनाम झाला. पुढे १७८४ च्या सुमारास महादजी शिंद्यांनी द बॉयन या सरदाराला चाकरीला ठेवलं आणि त्याने कवायती पायदळ उभं केलं. शिंदे मूळचे आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे, हे साताऱ्यात सांगायला नको. द बॉयन जन्मला १७५१ मध्ये, आज फ्रान्समध्ये असलेल्या सव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावात. तिथली बोलण्याची भाषा फ्रेंच. त्याच्या तोंडी तुकडीसाठी कुठला शब्द आला असेल?

हिंदुस्थानात कमावलेला पैसा घेऊन तो परतला आणि १८३० मध्ये शांबेरीतच वारला. गावाने १८३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ एक कारंजं उभारलं. त्याला चार दिशांना चार हत्ती, पण नुसते पुढून. मागचा भागच नाही. गावकरी त्यांना 'बिनढुंगणाचे चौघे' म्हणतात. आता ९ जुलै २०१७ आठवा. टूरचा नववा टप्पा, नांत्युआ ते शांबेरी. वॉरन बार्गिल जिंकला असं आधी सगळ्यांनी धरलं, तो हरखूनही गेला, आणि मग फोटो-फिनिशने निकाल दिला रिगोबेर्तो उरानच्या बाजूने. टायरच्या कडेएवढा फरक. त्या दिवशी महादजींच्या पलटणी बांधणाऱ्याच्या गावात पेलोटन शिरलं आणि आपल्या एकाही वर्णनकाराला त्याचं काही वाटलं नाही. सगळे गिअरवर बोलत होते.

आणखी एक पसरलेली अफवा इथेच निकालात काढतो. फलटणला फलटण म्हणतात ते तिथे पलटण राहायची म्हणून, असं सांगणारे भेटतात. सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. शिवरायांशी त्यांचं लग्न झालं १६४० मध्ये. फ्रेंचांची ईस्ट इंडिया कंपनीच निघाली १६६४ मध्ये. पलटण यायच्या कितीतरी आधी फलटण जागेवर होतं. दोन्ही नावं यमकात बसतात, नातं तेवढंच.

हां, तो गॅप. तो वेळेत मोजतात, म्हणून फरक. अंतर मीटरचं. पूर्वी मोटारसायकलवर मागे बसलेला पाटीवाला काळ्या पाटीवर खडूने मिनिटं-सेकंद लिहून स्वारांना दाखवायचा. फ्रेंचमध्ये त्याचं नावच पाटीवरून पडलंय. २०१५ पासून टूरमध्ये सायकलींच्या सीटखाली जीपीएसचा ट्रॅकर बसवायला लागले. त्याचा सिग्नल मोटारसायकल, हेलिकॉप्टर असे टप्पे घेत शेवटच्या रेषेजवळच्या ट्रकमध्ये पोचतो आणि तिथून तुमच्या मोबाइलवर. पुढचा स्वार एका ठिकाणाहून गेल्यावर मागचा तिथे किती सेकंदांनी आला, तो फरक. घाट चढताना ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्यांत ४०० मीटरचं अंतर असेल, तर फरक ७२ सेकंदांचा. तेच ४०० मीटर उतारावर ताशी ७२ च्या वेगात फक्त २० सेकंदांचे. म्हणून वर्णन करताना नुसतं 'अंतर कमी झालं' म्हणू नका, उतार लागला की ते वाढूनसुद्धा फरक तेवढाच राहू शकतो. आणि एकाच पलटणीत रेषा ओलांडणाऱ्या सगळ्यांना एकच वेळ मिळते, शंभराव्यालाही पहिल्याचीच, म्हणून टप्प्याच्या शेवटी फरक मोजायचा तो पलटणीच्या बाहेर सुटलेल्यांचा.

तुमच्या ग्रुपवर गॅपला 'दरी' लिहिणारे कुणी आहेत म्हणे. '१ मिनिट १२ सेकंदांची दरी'. त्यांना येत्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात कठड्यापाशी नेऊन खालची खरी दरी दाखवा, आणि ती किती सेकंदांची आहे ते विचारा.